मुलगा परदेशी मिशनसेवेच्या तयारीत असताना घरची बातमी कशी द्यावी

मुलाने सेवेसाठी परदेशी जाण्याचे मनावर घेतले की घरात आनंद आणि काळजी एकदमच येतात, आणि हे कोणाला, केव्हा व किती सांगायचे हा प्रश्न त्यांच्या पाठोपाठ येतो. कोल्हापुरात तो लवकरच उभा राहतो, कारण येथील ख्रिस्ती मंडळीतील अनेक घरे एकमेकांच्या नात्यातली असतात आणि रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात बोललेले संध्याकाळपर्यंत मिरज-सांगलीच्या नातेवाइकांच्या कानी गेलेले असते. म्हणून पहिल्याच दिवशी घरात एक गोष्ट ठरवावी: बातमी मुलाची आहे, त्याला विचारल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही, आणि जितकी पक्की झाली असेल तितकीच सांगितली जाईल.

पक्की म्हणजे किती, हे समजण्यासाठी तयारीचे टप्पे आई-वडिलांना नीट माहीत असावेत. पाचारणाची म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावल्याची जाणीव, पाळकसाहेबांशी बोलणे, मिशन संस्थेकडे अर्ज, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, निवड, प्रशिक्षण, पासपोर्ट, पोलिसांचा चारित्र्य दाखला, व्हिसा आणि मग प्रवास असा हा क्रम साधारणपणे असतो, आणि यांपैकी कोणत्याही टप्प्यावर काम काही महिने थांबू शकते. ‘अर्ज केला आहे’ एवढेच खरे असताना घरच्यांनी उत्साहाने ‘आमचा मुलगा आफ्रिकेला निघाला’ असे सांगितले आणि पुढे तपासणीत काही अडचण निघाली, तर दर रविवारी ‘अजून इथेच का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ त्या मुलावर येते. आपल्या तोंडून गेलेल्या घाईच्या एका वाक्याचे ओझे त्याने वाहावे, हे योग्य नाही. प्रार्थनेची विनंती मात्र अर्जाच्या टप्प्यावरही करता येते. तेव्हा देशाचे नाव न घेता ‘त्याला मार्गदर्शन मिळावे’ एवढे म्हटले तरी पुरते.

सांगण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आजी-आजोबा आणि भावंडे, मग आत्या, मामा, काका, मग पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच, आणि सर्वांच्या शेवटी उपासनेतील सूचनांमधून सगळी मंडळी. नातवाची बातमी आजीला बाकावर बसल्या बसल्या ध्वनिक्षेपकावरून कळू नये. तिला घरी जाऊन, मुलाला सोबत घेऊन सांगावे आणि तिला रडू आले तर रडू द्यावे. बायबलमधील वचने वाचून तिची भीती लगेच मिटवण्याची घाई करू नये. तो कोठे राहील, आजारी पडला तर कोण पाहील, परत केव्हा येईल, हे तिचे प्रश्न अगदी रास्त असतात आणि त्यांची उत्तरे माहीत नसतील तर ती संस्थेकडून मिळवून तिला द्यावीत.

मंडळीसाठी आणि दूरच्या नातेवाइकांसाठी महिन्यातून एकदा लहानसे पत्र लिहिणे सर्वांत चांगले. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असेल तर गटापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी, कारण तिच्यातील उत्तरे प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे येतात आणि एकाच्या सल्ल्यावर दुसऱ्याचा वाद सुरू होत नाही. मात्र ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना हा निरोप पोहोचतच नाही. म्हणून वृद्ध मंडळींची यादी वेगळी करून त्यांना फोन करावा किंवा कागदावर छापलेली प्रत द्यावी. पत्राचा नमुना असा ठेवता येईल:

‘प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मुलाची सेवेसाठी निवड झाली असून त्याचे प्रशिक्षण पुढील महिन्यात सुरू होईल. व्हिसाचा अर्ज अजून दिलेला नाही. त्याच्या भाषाभ्यासासाठी आणि आजींच्या गुडघ्याच्या उपचारांसाठी प्रार्थना करावी. धाकटीची बारावीची परीक्षा चांगली झाली, त्याबद्दल उपकारस्तुती.’

या नमुन्यात धाकटी आणि आजी मुद्दाम आल्या आहेत. मोठा मुलगा मिशनरी होणार म्हटल्यावर घरातील बाकीची मुले बोलण्यातून हळूहळू नाहीशी होतात. पाहुणे त्याचीच चौकशी करतात आणि प्रार्थनेतही त्याचेच नाव घेतले जाते. ज्या बहिणीने कॉलेज सांभाळून आजीचे औषधपाणी पाहिले, तिची बातमीही तितक्याच मानाने दिली पाहिजे, कारण तो जाणार आहे तो तिच्या भरवशावरही.

शेजाऱ्यांना सांगताना आडपडदा ठेवू नये. मिरजेचे मिशन हॉस्पिटल या भागात सर्वांना ठाऊक आहे. ते उभे करणारे डॉ. विल्यम वानलेस कॅनडात जन्मले होते. त्यांच्याप्रमाणे आपला मुलगाही घर सोडून परक्या लोकांत काम करण्यास जात आहे, हे शेजारच्या काकूंना सहज समजते. तो शाळेत शिकवणार असेल, रुग्णालयात काम करणार असेल किंवा सुवार्ता सांगणार असेल, तर जे खरे असेल तेच साध्या शब्दांत सांगावे.

काही गोष्टी मात्र पत्रातही नकोत आणि स्टेटसवरही नकोत. पासपोर्ट, व्हिसा किंवा विमानाचा बोर्डिंग पास यांचा फोटो कधीही टाकू नये. बोर्डिंग पासवरील बारकोडमधून आरक्षणाचा तपशील वाचता येतो. काही देशांत मिशनरीचे नाव आणि गाव जाहीर झाल्याने त्याच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक विश्वासणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. अशा देशासाठी संस्था जे नियम देईल ते घरातील प्रत्येकाला वाचून दाखवावेत, विशेषतः कौतुकाने सगळीकडे फोटो पाठवणाऱ्या मामांना. देणगीची विनंतीही बातमीच्या पत्रात मिसळू नये. ती संस्थेच्या पत्रावर, संस्थेच्या खात्यासाठी आणि पावतीसह स्वतंत्रपणे व्हावी, म्हणजे ज्यांना फक्त प्रार्थना करणे शक्य आहे त्यांना आपले पत्र उघडताना संकोच वाटणार नाही.

बातमी उलट दिशेनेही जाते, आणि तिकडे घरे अधिक चुकतात. मुलगा प्रशिक्षणाला गेला की ‘त्याला त्रास नको’ म्हणून आजीचे आजारपण किंवा वडिलांच्या नोकरीतील अडचण लपवली जाते. नंतर त्याला ती दुसऱ्याकडून कळते आणि त्यानंतर घरातून आलेल्या ‘सर्व ठीक आहे’ या निरोपावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून गंभीर बातमी एकाच माणसाने, शक्यतो फोनवर आणि त्याच दिवशी द्यावी. डॉक्टर काय म्हणाले, पुढे काय करायचे आहे आणि त्याने यावे अशी अपेक्षा आहे की नाही, हे तिन्ही स्पष्ट सांगावे. बायबलमधील कलस्सैकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात प्रेषित पौल आपले सर्व वर्तमान कळवण्यासाठी तुखिक या विश्वासू सेवकाला पाठवतो. प्रत्येक घराने असा एक तुखिक नेमावा: शांतपणे बोलणारा आणि ऐकलेले न वाढवणारा.

निघण्याच्या आठवड्यात बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. उदाहरणार्थ, केनियाची वेळ भारताच्या अडीच तास मागे असते, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे 9 वाजतात तेव्हा नैरोबीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आजी जागी असते आणि त्याचेही काम संपलेले असते. तो मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघणार असेल, तर स्टेशनवर निरोप द्यायला येणाऱ्यांना वेळ फोनवर कळवावी. पोहोचल्याचा पहिला निरोप मुलाने एकाच व्यक्तीला पाठवावा आणि त्या व्यक्तीने तो आधी आजीला वाचून दाखवून मग यादीतील सर्वांना द्यावा.