संगीतनिर्मितीसाठी लॅपटॉपच्या प्रोसेसरांची तुलना कशी करावी

व्हिडिओ रेंडर करणारा प्रोसेसर थोडा रेंगाळला, तर फाइल उशिरा तयार होते. तिच्यात दोष मात्र राहत नाही. ध्वनीच्या कामात अशी सवलत नसते. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचे सॉफ्टवेअर, म्हणजेच डीएडब्ल्यू, आवाजाचे लहान तुकडे करून ते प्रोसेसरकडे सोपवते आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या मुदतीत परत मागते. या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. आवाजाची दर सेकंदाला किती मोजमापे (सॅम्पल) घेतली जातात तो सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर ही मुदत सुमारे २.७ मिलिसेकंदांची असते. बफर ६४ वर आणला की ती १.३ मिलिसेकंदांवर येते आणि १०२४ वर नेला की २१ मिलिसेकंदांपर्यंत वाढते. एखादाच तुकडा मुदतीनंतर आला, तरी तडतड ऐकू येते किंवा आवाज क्षणभर तुटतो. म्हणून दोन प्रोसेसर शेजारी ठेवताना विचारायचा प्रश्न हा की, लहान बफरवर, भरपूर प्लगइन (डीएडब्ल्यूत जोडलेली वाद्ये आणि इफेक्ट) चालू असताना आणि तासभर काम केल्यानंतरही, कोणता प्रोसेसर ही मुदत एकदाही चुकवत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागाच्या, वेगावर अवलंबून असते. एका ट्रॅकवर सिंथेसायझर, त्यापुढे इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर आणि शेवटी रिव्हर्ब अशी साखळी असेल, तर प्रत्येक प्लगइनला आधीच्या प्लगइनचा निकाल हाती येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे ही साखळी सहसा एकाच कोअरवर चालते आणि बाकीचे कोअर मोकळे असले तरी तिला त्यांचा उपयोग होत नाही. सर्वांत अवघड जागा मास्टर ट्रॅकची असते. सगळे ट्रॅक तिथे एकत्र येतात, त्यामुळे तिथला लिमिटर किंवा ओव्हरसॅम्पलिंग करणारा सॅच्युरेटर यांसारखा जड इफेक्ट इतर सर्वांचे काम उरकल्यावरच सुरू होतो आणि मुदतीतला उरलेला वेळच त्याच्या वाट्याला येतो. विंडोजचा टास्क मॅनेजर ३० टक्के भार दाखवत असताना आवाज तुटतो, तो पुष्कळदा याच कारणाने. तो आकडा सर्व कोअरची सरासरी असतो, तर मुदत चुकवणारा कोअर एकच असतो.

ट्रॅक अनेक आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर जास्त कोअरचा फायदा निश्चितच मिळतो. पण जाहिरातीतील कोअरची संख्या वाचताना ते कोणत्या प्रकारचे आहेत हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून आणि ॲपलच्या २०२० मधील एम१ पासून वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर एकाच चिपवर असतात. एम२ प्रो आणि एम३ प्रो या दोन्ही चिपा १२ कोअरच्या रूपात मिळतात; मात्र पहिलीत ८ वेगवान आणि ४ काटकसरी कोअर आहेत, तर दुसरीत दोन्ही प्रकारचे सहा-सहा. एम३ चा एक कोअर अधिक वेगवान असल्याने लांब साखळीच्या ट्रॅकला तो सोयीचा ठरतो. परंतु वेगवान कोअरवरच सारा भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची संख्या वाढू लागली की ८ वेगवान कोअर असण्याचे महत्त्व वाढते. आपले डीएडब्ल्यू काटकसरी कोअर वापरते की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात किंवा परफॉर्मन्स मीटरमध्ये आधी पाहून घ्यावे.

नावांनी फसगत होते, ती टाळणे सोपे आहे. कोअर आय७-१२५५यू मध्ये २ वेगवान आणि ८ काटकसरी कोअर आहेत. कोअर आय५-१२५००एच मध्ये ४ आणि ८. आय७ चा कमाल वेग ४.७ गीगाहर्ट्झ आणि आय५ चा ४.५ असा छापलेला असला, तरी बहुतेक मोठ्या प्रकल्पांत आय५ अधिक काळ टिकाव धरतो, कारण त्याच्यासाठी मूळ वीजमर्यादा १५ ऐवजी ४५ वॅटची आहे. एएमडीकडे रायझन ७ ५७००यू हा जुन्या झेन २ रचनेचा आहे आणि ५८००यू हा नव्या झेन ३ चा. दोघांचेही कोअर आठच. त्यामुळे नावातील ७ किंवा ९ या आकड्यापेक्षा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा, निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याची रचना, वेगवान कोअरची संख्या, एल३ कॅशे (चिपवरची झटपट स्मृती) आणि वीजमर्यादा पाहाव्यात आणि मगच तुलनेला बसावे.

वीजमर्यादेबद्दल थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण लॅपटॉपमध्ये खरा फरक तिथेच पडतो. छापलेला कमाल वेग प्रोसेसर थोडाच वेळ आणि थंड असताना गाठतो. त्यानंतर पंखे आणि लॅपटॉपची जाडी जेवढी उष्णता बाहेर काढू देतील तेवढ्यावरच तो स्थिरावतो. आय७-१२७००एच ची कमाल मर्यादा ११५ वॅट आणि मूळ मर्यादा ४५ वॅट आहे, म्हणजे हाच प्रोसेसर बारीक आणि जाड अशा दोन लॅपटॉपांत वेगळा वागू शकतो. प्रोसेसरची तुलना म्हणून आपण जे करतो ती प्रत्यक्षात संपूर्ण यंत्राची तुलना असते. चार्जर काढल्यावर वेग घटतो का, हेही पाहावे. घरीच मायक्रोफोन लावून गाणाऱ्यांनी पंख्याच्या आवाजालाही गुण द्यावेत, कारण भक्कम प्रोसेसरच्या गोंगाटी पंख्याचा आवाज मुद्रणात उतरतो आणि मग पूर्णपणे काढणे अवघड जाते.

प्रसिद्ध होणाऱ्या चाचण्यांपैकी गीकबेंच आणि सिनेबेंच यांचे एका कोअरचे गुण पहिल्या चाळणीसाठी उपयोगी पडतात. सिनेबेंचची अनेक कोअरची चाचणी चित्र रेंडर करते, त्यामुळे तिथले गुण दुप्पट असले म्हणून प्लगइन दुप्पट चालतील असे गृहीत धरू नये. तिची आर२३ आवृत्ती मुळात १० मिनिटे चालते, आणि तापल्यानंतर वेग किती घसरतो हे पाहायला ती चांगली आहे. ध्वनीसाठीच बनवलेली डॉबेंच ही चाचणी वेगवेगळ्या बफरवर किती प्लगइन किंवा किती स्वर एकाच वेळी चालतात हे मोजते. आपल्या प्रोसेसरचे असे निकाल मिळाले, तर बाकी सर्वांपेक्षा त्यांना जास्त वजन द्यावे.

शक्य असेल तर चाचणी स्वतःच घ्यावी. रीपर हे डीएडब्ल्यू ६० दिवस तपासून पाहता येते आणि पेनड्राइव्हवरही बसवता येते; सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर मोफत आहे. दोन्ही लॅपटॉपवर यांची एकच आवृत्ती, एकच ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन आणि वाद्ये लॅपटॉपला जोडणारे उपकरण), ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ सॅम्पलचा बफर ठेवावा, चार्जर जोडावा आणि वीजयोजना सर्वाधिक कामगिरीवर न्यावी. प्रथम सर्जचा एक जड आवाज निवडून त्यावर लांब, अनेक स्वरांची सुरावट वाजत ठेवावी आणि तडतड सुरू होईपर्यंत तो ट्रॅक पुन्हा पुन्हा डुप्लिकेट करावा. मिळालेली ट्रॅकसंख्या अनेक कोअरची ताकद सांगते. मग नवा प्रकल्प उघडून एकाच ट्रॅकवर तोच इफेक्ट एकापुढे एक लावत जावे; किती इफेक्टपर्यंत आवाज स्वच्छ राहतो, हे एका कोअरच्या वेगाचे माप आहे. ही दुसरी चाचणी लोक सहसा करत नाहीत, पण माझ्या मते दोन्हींत तीच अधिक बोलकी आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. रीपर पुढच्या भागाचे गणित आधीच करून ठेवते आणि क्यूबेस या डीएडब्ल्यूमध्ये एएसआयओ-गार्ड ही सोय हेच काम करते. त्यामुळे नुसते प्लेबॅक करून पाहिल्यास यंत्र आहे त्यापेक्षा सक्षम भासते. ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज केला की त्या ट्रॅकपुरती ही सोय उपलब्ध राहत नाही, म्हणून बफर ६४ वर आणून, एक ट्रॅक सज्ज ठेवून, कीबोर्ड प्रत्यक्ष वाजवत तिसरी चाचणी घ्यावी. शेवटी, पहिल्या चाचणीत मिळालेल्या ट्रॅकसंख्येच्या तीनचतुर्थांश ट्रॅक ठेवून प्रकल्प अर्धा तास अखंड चालवावा. यंत्र तापल्यावर तडतड सुरू झाली, तर सुरुवातीचे निकाल बाजूला ठेवून हाच निकाल धरावा.

निकाल अपेक्षेपेक्षा वाईट आले तर दोष लगेच प्रोसेसरला देऊ नये. विंडोजवर वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरला मध्येच अडवून धरतो आणि ध्वनीची मुदत चुकते. लेटन्सीमॉन हे साधन असा ड्रायव्हर नावानिशी दाखवते. वाय-फाय बंद करून आणि ड्रायव्हर अद्ययावत करून चाचणी पुन्हा घ्यावी.

मोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरणाऱ्यांना प्रोसेसरआधी रॅम आणि एसएसडी कमी पडू शकतात, त्यामुळे तिथली तडतड वेगळी ओळखावी. ग्राफिक्स कार्डाचा बहुतेक प्लगइनना उपयोग होत नाही. स्नॅपड्रॅगन एक्स सारख्या, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या एआरएम रचनेच्या प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप पाहत असाल, तर वेगाआधी आपल्या ऑडिओ इंटरफेसचा एआरएम ड्रायव्हर आहे का, हे तपासावे. जुने प्लगइन अनुवादाच्या थरातून चालून जाऊ शकतात, ड्रायव्हर मात्र तसा चालत नाही. ॲपलच्या चिपांवरही इंटेलसाठी लिहिलेले प्लगइन रोझेटा या ॲपलच्या अनुवादकातून चालतात, पण त्या अनुवादात प्रोसेसरचा काही वेळ खर्च होतो.

निकालांत एक लॅपटॉप ट्रॅकसंख्येत पुढे आणि दुसरा साखळीच्या लांबीत पुढे, असे अनेकदा होते. मुद्रित ट्रॅकचे मोठे मिक्सिंग करणाऱ्याने पहिला घ्यावा, कारण तो बफर ५१२ किंवा १०२४ वर नेऊ शकतो आणि मोठ्या बफरमुळे आवाज ऐकू येण्यास होणारा उशीर त्याला अडचणीचा ठरत नाही. सॉफ्टवेअरमधील गिटार ॲम्प किंवा सिंथेसायझर प्रत्यक्ष वाजवत मुद्रण करणाऱ्याला बफर लहानच ठेवावा लागतो. त्याने दुसरा घ्यावा आणि मिक्सिंगच्या वेळी ट्रॅक कमी पडू लागले, तर तयार झालेले ट्रॅक फ्रीझ करून, म्हणजे त्यांचा आवाज आधीच तयार करून ठेवून, काम पुढे न्यावे.