मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: निघायचा दिवस तिथी बघून ठरवा

मुंबई ते पणजी समुद्रमार्गे साधारण 220 सागरी मैल. 30 फुटांची शिडाची बोट सरासरी 5 नॉटने (तासाला 5 सागरी मैल) चालते, म्हणजे हिशेब 44 तासांचा. पण हा हिशेब कागदावरच ठेवा. कोकण किनाऱ्यावर मुक्काम खाडीत करायचा असतो, आणि खाडीत कधी शिरता येईल हे भरती सांगते.

महिना आणि तिथी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. नोव्हेंबरमध्ये आकाश निरभ्र दिसतं म्हणून फसू नका. फयान वादळ 11 नोव्हेंबर 2009 रोजी याच किनाऱ्यावर आलं होतं. निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर प्रवास पुढे ढकलायचा, त्यावर चर्चा नको.

आता तिथी. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी. साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, म्हणून नेमके आकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकातून घ्या. रत्नागिरीच्या खाली भरती मुंबईच्या आधी येते, गोव्यात सुमारे तासभर आधी.

आमची शिफारस वद्य तृतीयेची. त्या दिवशी पूर्ण भरती सव्वादोनच्या सुमारास असते. पहाटे साडेचारला नांगर उचलला की सुकतीचं (ओहोटीचं) पाणीच तुम्हाला मुंबई बंदराबाहेर काढतं आणि दुपारी पुढच्या खाडीच्या तोंडाशी पोचता तेव्हा भरती चढत असते. पुढे रोज भरती पाऊण तासाने सरकते, त्यामुळे आठवडाभर दुपार-संध्याकाळची भरती मिळत राहते. उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) ओसरून भांग (लहान भरतीचे दिवस) जवळ येत असल्याने प्रवाहाचा जोरही रोज कमी होतो. शुद्ध तृतीयेलाही हे गणित जमतं, पण वद्य पक्षात पहाटे डोक्यावर चंद्र असतो आणि जाळ्यांचे बावटे त्याच उजेडात दिसतात.

दिवसाचे दोन वारे

पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, दक्षिणेला जाताना तो डाव्या अंगाला लागतो आणि समुद्र सपाट असतो. हे दिवसातले सगळ्यात चांगले तास, झोपून घालवू नका. दहा-अकराला वारा पडतो. दोनेक तास इंजिन चालवा, जेवण उरका. बारा-एकनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, दुपारी 10 ते 15 नॉट, मागून उजवीकडून. वारा मागून असल्याने त्याचा जोर जाणवत नाही; बोट सात नॉटने पळू लागली की मोठ्या शिडाला पहिला रीफ घाला, म्हणजे त्याचा थोडा भाग गुंडाळून ते लहान करा. खाडीच्या तोंडाशी पोचल्यावर शीड कमी करायला जाल तर ऐन उथळ पाण्यात बोट आडवी होते.

सामान

- पाणी: माणशी दिवसाला 4 लिटर फक्त पिण्या-रांधण्यासाठी, वर दोन दिवसांचं जादा. एकाच टाकीत भरू नका. टाकी गळली तर सगळंच जातं.
- डिझेल: 20 अश्वशक्तीचं इंजिन तासाला दोन-सव्वादोन लिटर खातं. जाताना 60 लिटर पुरतं, पण 100 घ्या. धक्क्यावरचे सोसायटीचे पंप मच्छीमार सभासदांसाठी असतात. तुम्हाला कॅन घेऊन गावातला पेट्रोल पंप गाठावा लागेल, म्हणून 20 लिटरचे कॅन घ्या. 35 लिटरचा कॅन डिंगीत (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीत) चढवणं म्हणजे कमरेची वाट. डिझेल गाळणीतूनच ओता आणि दोन सुटे फिल्टर ठेवा.
- नांगर: 15 किलोचा, 8 मिलिमीटरची 40 मीटर साखळी, पुढे 30 मीटर दोर. दुसरा हलका नांगर वेगळा.
- धारदार सुरी आणि पाण्यात घालायचा चष्मा. जाळं पंख्यात अडकलं की याच दोन गोष्टी लागतात.
- व्हीएचएफ रेडिओ (चॅनल 16), प्रत्येकाला लाइफ जॅकेट, डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 सुकाणूजवळ लिहून लावा.
- बोटीची नोंदणी, विमा, प्रत्येकाचं ओळखपत्र. सागरी पोलीस विचारतात, आणि विचारायलाच हवं. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, परदेशातून येणाऱ्या मित्रालाही आधीच सांगा.

खाण्याचं घरचं शहाणपण पुरे: कांदे, बटाटे, भाकरीचं पीठ, सुका जवळा. ताजी मासळी रोज संध्याकाळी मिळेल.

टप्पे

*मुंबई ते राजपुरी खाडी, 40 मैल.* खांदेरीचं दीपगृह डावीकडे ठेवून बाहेरून जा. खांदेरी-उंदेरीच्या आतून जाण्याचा मोह टाळा, तिथे खडपं (पाण्यातले खडक) आहेत. या पट्ट्यात डोलाची (पिशवीसारखी) जाळी खुंटांना बांधलेली असतात आणि खुंट भरतीला जेमतेम डोकं वर काढतात. जंजिऱ्याच्या आत, दिघीच्या जहाजांची वाट सोडून नांगर टाका.

*राजपुरी ते हर्णै, 30 मैल.* सुवर्णदुर्गाचा आडोसा थोडकाच. वायव्येचा वारा 15 नॉटच्या वर असेल तर रात्रभर बोट डोलेल, झोप लागणार नाही. तसं असेल तर सरळ जयगड गाठा, त्यासाठी मध्यरात्रीच निघा. वारा नरम असेल तर मात्र हर्णै चुकवू नका. संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो.

*हर्णै ते जयगड, 32 मैल.* शास्त्री नदीचं तोंड खोल आहे, मोठी जहाजं येतात. त्यांच्या मार्गात रेंगाळू नका. जयगड-तवसाळ फेरीची वाटही मोकळी ठेवा.

*जयगड ते रत्नागिरी, 20 मैल.* लहान टप्पा. रत्नदुर्गाच्या दक्षिणेला वायव्येचा आडोसा मिळतो. मिरकरवाड्यात शिरू नका, मासेमारी बोटींचीच तिथे दाटी असते. उरलेल्या वेळात डिझेल-पाणी भरा आणि थिबा राजवाडा बघा.

*रत्नागिरी ते विजयदुर्ग, 26 मैल.* या किनाऱ्यावरचं आमच्या मते सर्वात भरवशाचं बंदर. वाघोटण खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध नाही, त्यामुळे ओहोटीलाही शिरता येतं. किल्ल्याला समुद्राकडून अगदी लगटून वळसा घालू नका, पाण्याखाली भिंत आहे. एक दिवस जादा हाताशी असेल तर तो इथे घालवा.

*विजयदुर्ग ते मालवण, 32 मैल.* सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक. ऊन डोक्यावर असताना, स्थानिक तांडेलाला (मासेमारी बोटीच्या म्होरक्याला) विचारून शिरा. पोचायला चार वाजणार असतील तर देवगडला थांबा आणि मालवण उद्यावर टाका.

*मालवण ते पणजी, 40 मैल.* वेंगुर्ल्याच्या खडकांना बाहेरून लांब वळसा घाला.

खाडीत शिरताना आणि नांगरताना

बाणकोट, दाभोळ यांसारख्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन तासांतच शिरा. कारण साधं आहे: चढत्या पाण्यात बोट टेकली तर अर्ध्या तासात आपोआप तरंगते, सुकतीत टेकली तर सहा तास तिथेच. शिवाय बाहेर पडणारी सुकती आणि आत येणारी वायव्येची लाट समोरासमोर भिडली की बांधावर लाटा फुटतात.

नांगराचं गणित कागदावर करा. खोलीमापकावर 4 मीटर दिसतात, भरतीला अजून 2 मीटर चढणार, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून 1 मीटर वर. एकूण 7, गुणिले 5, म्हणजे 35 मीटर साखळी. फक्त समोरचे 4 मीटर धरून 20 सोडली, तर पूर्ण भरतीला ती तिपटीपेक्षाही कमी पडते आणि मध्यरात्री नांगर घसरतो. उलट बाजूही बघा: बोट दीड मीटर खोल बुडत असेल, तर ओहोटीलाही तिच्या तळाखाली निदान अर्धा मीटर पाणी उरायला हवं. साखळी सोडल्यावर इंजिन मागे घेऊन ताण द्या, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा आणि दहा मिनिटं त्यांच्याकडे बघत बसा.

डिंगीने उतरताना पायात जाड तळाच्या चपला हव्यात. खडपावरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि ती जखम चिखलात लवकर पिकते.

पणजी आणि परत

मांडवीत शिरल्यावर कॅसिनोच्या बोटी आणि बार्जपासून दूर राहा. पुलांखालून डोलकाठी जाणार नाही, त्याच्या आधीच थांबा. कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जाऊन नोंद करा.

परतीला खारा वारा तोंडावर येतो. रात्री दोन-तीनला निघून मतलई वाऱ्यावर अकरापर्यंत जेवढं अंतर कापता येईल तेवढंच कापा, दुपारी बंदरात असा. जाताना सात दिवस लागले असतील तर येताना दहा धरा, डिझेल दुप्पट.