जादूच्या सरावाचा व्हिडिओ टाकताना या चुका टाळा

चवथ जवळ आली की गोव्यात हातचलाखीच्या सरावाला जोर येतो आणि सरावाचे व्हिडिओ ग्रुपवर फिरू लागतात. गोवा पडला लहान. म्हापशात कोणाच्या स्टेटसवर दिसलेला प्रयोग डिचोलीच्या मंडपात पहिल्या रांगेतल्या पोराला आधीच ठाऊक असतो. मंडपात प्रयोग एकदाच दिसतो, मोबाइलवर तो थांबवून बघता येतो. यूट्यूबवर वेग 0.25 पर्यंत उतरतो. संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम-पूर्णविरामाची बटणे दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर अर्ध्या सेकंदाच्या डबल लिफ्टची (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलण्याची) 15 चित्रे बघणाऱ्याच्या हाती लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःसाठी काढलेलाच व्हिडिओ पुढे पाठवणे. तो चुका शोधायला काढलेला असतो, म्हणजे गुपित उघडे पडेल अशाच कोनातून आणि स्लो मोशनमध्ये. तो फोनातच राहू द्या. दाखवायचा व्हिडिओ वेगळा काढा, कॅमेरा बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून. टेबलावर पेल्याला टेकवलेला फोन खालून वर बघतो आणि तळहात खाली करून पाम केलेले, म्हणजे तळहातात लपवलेले नाणे त्याला थेट दिसते. पावसाळ्याच्या दमट हवेत पत्ते चिकटतात, दोनाच्या जागी तीन उचलले जातात आणि जाड कड कॅमेऱ्यात स्पष्ट येते. असा टेक सरळ काढून टाका.

मागची बाजू कोणी तपासत नाही. कपाटाचा आरसा, शोकेसची काच, बंद टीव्हीचा काळा पडदा, स्वतःचा चष्मा, या सगळ्यांत हाताची आतली बाजू उमटते. मागे न चमकणारे गडद कापड लावा. न दिसणाऱ्या बारीक धाग्याचा प्रयोग असेल तर खिडकी बाजूला किंवा मागे नको. त्या उन्हात धागा चकाकतो.

आवाजही घात करतो. सराव करताना आपण पुटपुटतो, ‘आता खालचं पान’, आणि यूट्यूबची आपोआप येणारी उपशीर्षके बोललेले लिहूनही देतात. मूळ आवाज काढून टाका. थंबनेल स्वतः निवडा. आपोआप सुचवलेली चित्रे व्हिडिओतलीच असतात, त्यांत नेमका चोरटा क्षण येऊ शकतो. हॅशटॅगमध्ये युक्तीचे नाव लिहिणे तर निव्वळ वेडेपणा.

‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी नव्हे. लिंक ज्याच्या हाती, त्याला व्हिडिओ दिसतो. गुरूला किंवा दोघा-तिघांनाच दाखवायचा असेल तर ‘प्रायव्हेट’ ठेवून त्यांचे ईमेल जोडा. व्हॉट्सॲपच्या ‘एकदाच पाहा’वरही भिस्त नको, दुसऱ्या फोनने चित्रण करता येतेच. विकत घेतलेल्या प्रयोगात व्हिडिओवर दाखवायची परवानगी आहे का, हेही वाचा. काही निर्माते फक्त प्रत्यक्ष सादरीकरणाचीच देतात.

कायदा युक्तीला वाचवत नाही. अमेरिकेत टेलर या जादूगाराने 2014 मध्ये कॉपीराइटचा खटला जिंकला, पण तो मूकाभिनयासारख्या सादरीकरणाच्या नकलेबद्दल. त्यामागच्या युक्तीला संरक्षण नव्हते.

गुपित फुटलेच तर आधी व्हिडिओ उतरवा, मात्र फिरलेल्या प्रती परत येत नाहीत हे धरूनच चला. कमेंटमध्ये कोणी अचूक ओळखले असेल तर हो किंवा नाही काहीच लिहू नका. चिडून दिलेले उत्तर म्हणजे कबुलीच. चवथीला तोच परिणाम वेगळ्या पद्धतीने साधा: डबल लिफ्ट फुटली असेल तर तिथे जोडपत्ता, म्हणजे त्याच पानाची दुसरी प्रत वापरा, आणि ज्यांना ‘ठाऊक’ आहे त्यांच्याच हातात पत्ते पिसायला द्या.