दिवसाचा हिशेब स्वतःशी: मुहासबा कसा करावा

नमाज वेळेवर होते, रोजे सुटत नाहीत, दानधर्मही होतो. तरी घरात पाऊल टाकताच आवाज चढतो आणि दुसऱ्याचे कौतुक ऐकले की आत काहीतरी टोचते. ही विसंगती किती महागात पडू शकते, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. त्यांनी साथीदारांना विचारले, ‘दिवाळखोर कोण?’ ज्याच्याकडे पैसाअडका नाही तो, असे उत्तर आले. प्रेषित म्हणाले, खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या (अंतिम निवाड्याच्या) दिवशी नमाज, रोजे आणि जकात (अनिवार्य दान) घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये त्या लोकांत वाटली जातील आणि ती पुरली नाहीत, तर त्यांची पापे त्याच्या माथी येतील.

माझ्या मते इस्लाममधली आध्यात्मिक बुद्धिमत्ता इथेच कसाला लागते. कुरआनच्या किती आयती (वचने) पाठ आहेत, यापेक्षा आपल्या मनात या क्षणी काय शिजते आहे हे वेळेत ओळखता येते का आणि ओळखून पाऊल मागे घेता येते का, हा प्रश्न मोठा आहे. ही क्षमता सरावाने येते. तिच्यासाठी सांगितलेला रोजचा सराव म्हणजे मुहासबा, स्वतःचा हिशेब. ‘प्रत्येकाने उद्यासाठी पुढे काय पाठवले आहे ते पाहावे,’ असे कुरआनच्या ५९व्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात (आयत १८) म्हटले आहे. ‘तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्हीच स्वतःचा हिशेब घ्या,’ हे दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांचे वचनही प्रसिद्ध आहे. पुढे धर्मपंडित इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात या सरावाची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या लेखी आपला नफ्स (वासनांकडे ओढणारे मन) हा व्यापारातला भागीदार आहे आणि आयुष्य हे भांडवल. भागीदाराशी आधी अटी ठरवायच्या, मग त्याच्यावर नजर ठेवायची, शेवटी हिशेब घ्यायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: सकाळी अट घाला

फज्रच्या (पहाटेच्या) नमाजनंतर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा आणि आजच्या दिवसासाठी एकच अट ठरवा. ‘आज चांगले वागेन’ ही अट नव्हे, कारण रात्री तिचा हिशेब लागत नाही. ‘आज कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही’ किंवा ‘मुलांनी काही विचारले तर हातातले काम बाजूला ठेवून उत्तर देईन’ ही अट झाली. गझाली डोळे, कान, जीभ, पोट, गुप्तांग, हात आणि पाय अशा सात अवयवांबाबत नफ्सला ताकीद द्यायला सांगतात. सुरुवात जिभेपासून करावी, असे मी सुचवेन. बहुतेकांचा तोटा तिथेच असतो.

याच वेळी दिवसाच्या कामांची नीयत (मनातला हेतू) करून घ्या. ‘कर्मांचा आधार नीयतीवर आहे’ या हदीसने (प्रेषितांच्या वचनाने) ‘सहीह बुखारी’ हा हदीससंग्रह सुरू होतो. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचेसुद्धा, असेही प्रेषितांनी सांगितले आहे. म्हणजे नोकरी तीच राहते, स्वयंपाक तोच राहतो. कुणासाठी करतो आहोत याचे भान मात्र जागे होते. दाद मिळाली नाही म्हणून होणारी चिडचिड यामुळे बरीच कमी होते.

रात्रीचा हिशेब पुष्कळ लोक करून पाहतात आणि आठवड्याभरात सोडून देतात. सकाळी अट घातलेलीच नसते, मग रात्री तपासायचे काय?

दुसरी पायरी: दिवसभर नजर ठेवा

‘अल्लाहची इबादत (उपासना) अशी करा, जणू तुम्ही त्याला पाहत आहात, तुम्ही पाहत नसलात तरी तो तुम्हाला पाहतो आहे.’ देवदूत जिब्रील (अ.) यांच्या प्रश्नाला प्रेषितांनी दिलेले हे उत्तर या पायरीचा पाया आहे. पण दिवसभर सलग असे भान राहणे कठीण. म्हणून जोहर, अस्र आणि मगरिब (दुपार, तिसरा प्रहर आणि सूर्यास्त) या नमाजांचे तीन थांबे वापरा आणि तपासणी वुजू (नमाजपूर्वी हात-पाय-तोंड धुणे) करतानाच उरका. वुजू करताना त्या त्या अवयवाने केलेली पापे पाण्याबरोबर निघून जातात, असे हदीसमध्ये आहे. तेव्हा चेहरा धुताना डोळ्यांनी काय पाहिले ते आठवा, हात धुताना हातांनी काय केले ते, पाय धुताना ते कुठे गेले ते. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि घाईघाईत उरकली जाणारी वुजूही शांतपणे होते.

रागासाठी वेगळी तयारी लागते, कारण राग पुढच्या नमाजपर्यंत थांबत नाही. एका माणसाने प्रेषितांकडे उपदेश मागितला. ते म्हणाले, ‘रागावू नकोस.’ त्याने पुन्हा पुन्हा विचारले, उत्तर तेच मिळाले. उपायही त्यांनी सांगितला आहे: उभे असाल तर बसा, तरीही राग गेला नाही तर आडवे व्हा. उभा माणूस हात उगारायला, दार आपटायला, तरातरा निघून जायला तयार असतो. बसलेल्याला आधी उठावे लागते. तेवढी उसंत पुरते. हाच नियम मोबाईललाही लावा. रागात लिहिलेला मेसेज पाठवण्याआधी फोन खाली ठेवा, वुजू करा, मग पुन्हा वाचा. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा बलवान नव्हे, रागात स्वतःला आवरणारा बलवान, हे प्रेषितांचे वचन अशा वेळी तोंडपाठ असलेले बरे.

तिसरी पायरी: रात्री हिशेब घ्या

इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर, झोपण्याआधी, दहा मिनिटे पुरेत. गझालींच्या या हिशेबात भांडवलाच्या जागी फर्ज (अनिवार्य) कर्तव्ये येतात, नफिल (ऐच्छिक) कर्मे हा नफा आणि पापे हा तोटा. त्याच क्रमाने जा. आधी फर्ज: नमाज राहिली का, कुणाचे देणे अडकले का? मग सकाळची अट. ती मोडली असेल तर नुसती नोंद करून थांबू नका, मागे जा. सहकाऱ्याची निंदा केली, का केली? त्याचे काम वाखाणले गेले होते. म्हणजे दुखणे जिभेचे नव्हते, हेव्याचे होते. उद्याची अट मग त्याप्रमाणे बदलेल: ‘उद्या त्याच्यासाठी दुआ (प्रार्थना) करीन.’ सगळ्या सरावात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

लिहून ठेवायचे असेल तर स्वतःपुरते ठेवा. अल्लाहने झाकलेले आपले पाप स्वतःच लोकांत सांगत सुटणे हदीसमध्ये निषिद्ध आहे.

चौथी पायरी: चूक सापडली तर

तौबाच्या (पापातून परत फिरण्याच्या) तीन अटी आहेत: ते कृत्य सोडणे, पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर चौथी: तो हक्क परत करणे. गझाली स्वतःला दंड करायलाही सांगतात, पण तो झेपेल असा आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा असावा; निंदा झाली तर थोडा सदका (ऐच्छिक दान), असे काहीतरी. शरीराला इजा करणे, स्वतःला दूषणे देत रात्र जागवणे हा मुहासबा नव्हे. अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका, हे कुरआन (३९:५३) चुका केलेल्यांनाच उद्देशून सांगते. हिशेबातून शंकांचे चक्र सुरू होत असेल तर वेळ कमी करा, एकाच प्रश्नावर या. अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे थोडे असले तरी नियमित असते.

हक्क परत करताना पैशांचा प्रश्न सोपा असतो, मोजून देता येतात. निंदेचे अवघड. त्या माणसाला काहीच माहीत नसेल आणि माफी मागायला गेल्यावर नवे दुखणे उभे राहणार असेल, तर अनेक विद्वानांनी दुसरा मार्ग सांगितला आहे. त्याच्यासाठी क्षमेची दुआ करा आणि ज्या लोकांसमोर त्याची निंदा केली, त्यांच्याचसमोर त्याचे खरेखुरे चांगले गुण सांगा.