क्रेनला डबा बसवण्याआधी

टेलिमॅटिक्स म्हणजे मशीनवर डबा बसवून त्याच्या कामाच्या नोंदी मोबाईल नेटवर्कवरून ऑफिसात आणणं. आमच्या तळोज्याच्या क्रेन यार्डात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. सगळे त्याला जीपीएस म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. शेठला वाटतं, गाडी कुठे आहे ते कळेल. ऑपरेटरला वाटतं, आपण कुठे आहोत ते कळेल. क्रेन कळंबोलीच्या स्टील मार्केटात उभी आहे की उरणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या मागे अडकली आहे, हे फोन करूनही कळतं. तेव्हा विक्रेत्याला बोलावण्याआधी आपल्याला नक्की काय हवंय ते कागदावर लिहून काढा. इंजिन खरंच किती तास चाललं? क्षमतेच्या किती टक्के वजन उचललं? इशारा वाजत असताना कुणी किल्ली फिरवून तो बंद केला का? यातलं काहीच नको असेल तर पैसे वाचवा.

मग एकेका मशीनची कुंडली मांडा. बॅटरी 12 व्होल्टची की 24 ची, इंजिनला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे का, एसएलआय (वजन सुरक्षित क्षमतेच्या किती टक्के आहे ते दाखवून इशारा देणारं यंत्र) आहे का आणि असेल तर तो बाहेर डेटा देतो का. नव्या इंजिनांतून जे1939 या पद्धतीने आरपीएम, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, फॉल्ट कोड असं सगळं थेट मिळतं. जुन्या हायड्राला, म्हणजे वजन उचलून घेऊन चालणाऱ्या छोट्या क्रेनला, यातलं काही नाही. तिथे फिटर सरळ इग्निशनच्या वायरीला जोडून मोकळा होतो. आम्ही इथेच फसलो. जेवणाच्या सुट्टीत पंखा आणि मोबाईलच्या चार्जिंगसाठी किल्ली चालू राहायची आणि डबा तेही तास धरायचा. महिनाअखेरीला आमचं बिल अवर मीटरच्या पुढे गेलं आणि पार्टीने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तासांचा सिग्नल अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलवरून किंवा ऑइल प्रेशर स्विचवरून घ्यायला सांगा, म्हणजे इंजिन फिरतंय तेवढाच वेळ धरला जाईल.

एसएलआयबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ऑफिसात बसून स्क्रीनवर ‘72 टक्के’ दिसलं की माणूस निर्धास्त होतो. पण एसएलआयला वायर रोपचे किती फॉल (हुक पेलणारे दोराचे पदर) आहेत, काउंटरवेट (तोलासाठीचं मागचं वजन) किती लावलंय, आउटरिगर (क्रेनला टेकू देणारे बाजूचे पाय) पूर्ण बाहेर आहेत की अर्धे, हे बहुतेक मशीनवर ऑपरेटरच भरतो. चार फॉलची सेटिंग तशीच ठेवून दोन फॉलवर काम केलं की आकडा खोटा येतो आणि डबा तोच खोटा आकडा इमानदारीने ऑफिसात पोहोचवतो. म्हणून बसवण्याच्या दिवशी माहीत असलेलं वजन उचलून पाहा. वजनकाट्याची पावती असलेला काँक्रीटचा ब्लॉक चालेल. तीन वेगवेगळ्या रेडियसला (क्रेनच्या मध्यापासून हुकपर्यंतच्या आडव्या अंतराला) उचला, केबिनमधला आकडा आणि मोबाईलवरचा आकडा दोन्ही लिहून ठेवा. बायपासची, म्हणजे इशारा बंद करायची, किल्ली फिरवली की त्याची वेगळी नोंद होते का, तेही तेव्हाच बघा. विक्रेता ‘होते’ म्हणेल. समोर फिरवून दाखवायला लावा.

वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बूमच्या (क्रेनच्या लांब हाताच्या) टोकाला असावं. ऐरोलीत इमारतींच्या आडोशाला खाली पान हलत नाही आणि वर खाडीवरचा वारा लोड फिरवत असतो, हे मी पाहिलंय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे मर्यादा अंदाजाने न ठरवता त्या मशीनच्या लोड चार्टवरूनच (कंपनीने दिलेल्या क्षमतेच्या तक्त्यावरूनच) घ्या. वायरलेस यंत्राचा सेल मे महिन्यातच बदला. जूनच्या पहिल्या वादळात तो संपतो, असा आमचा अनुभव.

सिमचं थोडक्यात: डब्यात एम2एम सिम (यंत्रांसाठीचं सिम) असतं, त्याचा नंबर 13 आकडी असतो, तो डब्याच्या नंबरासमोर लिहून ठेवा. डबा फक्त 2जी असेल तर जिओ त्यावर चालत नाही. शेडमध्ये किंवा बोगद्यात रेंज गेली की नोंदी किती दिवस साठतात ते विचारा. अँटेना काउंटरवेटच्या पोलादाखाली गाडू नका. डब्यावर आयपी67 लिहिलंय म्हणून वॉशिंगवाल्याला जेट मारू देऊ नका, ते रेटिंग पाण्यात बुडण्याचं आहे, जेटच्या माऱ्याचं नाही. पावसाळ्यात मशीन दोन महिने उभं राहणार असेल तर डबा बॅटरी हळूहळू पिऊन टाकतो, म्हणून स्लीप मोड चालू करून घ्या. डिझेलची दांडी (टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर) बसवताना टाकी रिकामी करा आणि 20-20 लिटर ओतत कॅलिब्रेट करा. कुठल्या तरी दुसऱ्या टाकीचा तक्ता टाकून देणारे फिटर भेटतात.

रबाळे-महापेच्या कारखान्यांत ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणारी विजेची क्रेन) असलेल्यांसाठी एक गोष्ट. होइस्टची (तिच्या वजन उचलणाऱ्या यंत्रणेची) झीज तासांवर जाते तशी वजनावरही जाते, आणि वजनाच्या घनाने जाते. अर्ध्या वजनावरचा एक तास पूर्ण वजनावरच्या तासाच्या साधारण आठव्या भागाइतकाच मोजतात. म्हणजे नुसते तास मोजणारा डबा होइस्टसाठी निम्मीच माहिती देतो.

आता माणसं. डबा रात्री गुपचूप बसवू नका. आमचे निम्मे ऑपरेटर उत्तर प्रदेश-बिहारचे, त्यांना हिंदीत बसून समजावलं, तरी एकाने विचारलंच, “साहेब, भरोसा नहीं क्या?” त्याला उत्तर मिळालं घोडबंदरच्या एका कामावर. रात्रीचा ट्रॅफिक ब्लॉक उशिरा मिळाला, क्रेन तासन्‌तास आयडल उभी. पार्टी म्हणाली, तुमचा माणूस झोपला होता. रेकॉर्डमध्ये इंजिन चालू, आउटरिगर टाकलेले, हुकवर शून्य वजन, सगळं वेळेसकट होतं. वेटिंगचे पैसे मिळाले. म्हणून आयडलिंग दिसलं की लगेच पगार कापायचा नाही, हे आधीच ठरवा आणि नोटीस बोर्डावर लावा. पहिला महिना फक्त बघायचं.

अलर्ट चारच ठेवा: ओव्हरलोड, बायपास, वारा, आणि रात्री यार्डाबाहेर हालचाल. आम्ही सुरुवातीला सगळे चालू केले. दोन दिवसांत सुपरवायझरने ग्रुप म्यूट केला. प्रत्येक अलर्टपुढे नाव, फोन नंबर आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरं नाव लिहा. रात्री दोन वाजता बायपासचा मेसेज आला तर कोण उठणार, आणि उठून काम थांबवायचा अधिकार त्याला आहे का? शेठला विचारल्याशिवाय काम थांबवता येत नसेल तर नंबर शेठचाच टाका. मग एका रविवारी खोटा अलर्ट पाठवून बघा. आमच्याकडे पहिल्या खेपेला तिसऱ्या फोनला उत्तर आलं.

कारखाना कायद्याच्या कलम 29 पासून चालत आलेली, 12 महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून करायची तपासणी डब्यामुळे टळत नाही. वायर रोपची तुटलेली तार, वाकलेली शॅकल, स्लिंगवरचा कट यातलं काहीही स्क्रीनवर येत नाही. सकाळची फेरी चालूच ठेवा. कागदी लॉगबुकही निदान तीन महिने, आणि दर शनिवारी दोन्ही आकडे ताडून बघा.

करारात डेटा कुणाचा हे लिहून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन असतील तर आयएसओ 15143-3 च्या स्वरूपात डेटा मिळेल का, विचारा. ते मानक मातीकामाच्या यंत्रांसाठी बनलंय, पण मिश्र ताफ्याला उपयोगी पडतं. पहिल्याच महिन्यात सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून पाहा, विक्रेत्याचा माणूस अजून फोन उचलतोय तोवर.