समुपदेशनात विश्वास जमवताना: पहिल्या सत्रापासून पहिल्या नाराजीपर्यंत

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये समुपदेशक आणि क्लायंट यांच्या नात्याचे तीन भाग मांडले: ध्येयावर एकमत, ते गाठायला काय करायचं यावर एकमत आणि जिव्हाळा. नवे समुपदेशक जिव्हाळा मनापासून जपतात, पहिले दोन मात्र गृहीत धरतात. क्लायंट गळतात ते बऱ्याचदा तिथेच.

आपल्याकडे तरुण क्लायंटसोबत बहुधा आईवडील येतात. गोपनीयतेचे नियम सगळ्यांसमोरच सांगा: ‘‘तो इथं बोलेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका वाटला तरच सांगेन, आणि शक्यतो आधी त्याला कळवून.’’ क्लायंट 18 वर्षांखालचा असेल, तर लैंगिक अत्याचाराची माहिती पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना द्यावीच लागते, हेही तेव्हाच सांगा. मग पालकांना बाहेर बसवा.

‘टेन्शन कमी व्हावं’ एवढ्यावर ध्येय सोडू नका. ‘‘कमी झालं, हे घरात आधी कोणाच्या लक्षात येईल? कशावरून?’’ असं विचारा. ‘‘आईच्या. मी जेवायला बाहेर येईन,’’ हे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. घरी वहीत विचारांची नोंद करायला दिलीत, तर तिचा या जेवणाशी संबंध काय, ते समजावा. नाहीतर वही कोरीच परत येते.

सत्राची शेवटची 5 मिनिटं प्रतिसादासाठी राखा. सेशन रेटिंग स्केल, म्हणजे सत्र कसं वाटलं ते सांगायला क्लायंटने भरायचा कागद, त्यावर 10 सेंटिमीटरच्या चार रेघा असतात: नातं, ध्येय व विषय, पद्धत आणि एकूण सत्र. क्लायंट प्रत्येक रेघेवर खूण करतो आणि जितके सेंटिमीटर, तितके गुण. बेरीज 40 पैकी 36 च्या खाली आली, तर त्याच दिवशी बोला. पण मोठ्या माणसाला नावं ठेवू नयेत या संस्कारामुळे ‘‘छान झालं, मॅडम’’ म्हणत पूर्ण गुण देणारे खूप. त्यांना विचारा, ‘‘आज माझं कुठलं बोलणं पटलं नाही?’’

नातं ताणलं, की काहीजण ‘‘नुसतं बोलून काय होणार?’’ असं तोंडावर विचारतात. ते सोपं. ‘‘हो हो, बरोबर’’ म्हणत विषय बदलणारा, उशिरा येऊ लागलेला क्लायंट सहज नजरेतून सुटतो. तिथे तंत्र बाजूला ठेवा. ‘‘मघाशी वडिलांचा विषय निघाल्यावर तुम्ही गप्प झालात. माझं काही लागलं का?’’ असं विचारून थांबा. उत्तर आलं, की आपला वाटा कबूल करा: ‘‘मी घाई केली.’’ त्यापुढे ‘पण’ जोडलात, तर तो पुन्हा ‘‘हो हो’’वर जाईल. वडिलांच्या विषयाकडे परत कधी वळायचं, हे त्याला ठरवू द्या.