बॉक्सर किती ग्रेट हे ठरवताय? मग या चुका टाळा

वाद सुरू झाला की पहिलं काय येतं तर रेकॉर्ड. फ्लॉइड मेवेदर ५०-०, म्हणजे पन्नास फाइट जिंकल्या, एकही हरला नाही, विषय संपला! अहो पण ती पन्नासावी फाइट २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरशी होती, तो यूएफसीचा (म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा) चॅम्पियन असेल पण प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये त्याची ती पहिलीच फाइट. नुसता आकडा मोजू नका, समोर कोण होता ते बघा.

आणि ‘कोण’ बघताना नुसतं नाव बघितलं तरी फसणार, ही चूक सगळ्यात जास्त होते. रॉकी मार्सियानोने जो लुईसला हरवलं, लॅरी होम्सने मुहम्मद अलीला, माइक टायसनने होम्सला, सगळे कधी ना कधी हेवीवेटचे (सगळ्यात वजनदार गटाचे) चॅम्पियन झालेले, वाचायला एकदम भारी. पण १९५१ चा लुईस ३७ वर्षांचा, टॅक्स थकला म्हणून परत रिंगमध्ये आलेला. १९८० चा अली ३८ चा आणि दोन वर्षं एकही फाइट नाही. गंमत म्हणजे १९८८ मध्ये टायसनसमोर होम्सही ३८ चाच, तोही जवळपास दोन वर्षं घरी बसलेला. म्हणून आधी तारीख बघायची, मग वय, वजन आणि त्याच्या मागच्या दोन-तीन फाइट्सचं काय झालं ते.

फक्त वयावरून पण काट मारू नका हं. १९५५ मध्ये मार्सियानोसमोर आलेला आर्ची मूर चाळिशीच्या आसपासचा होता, पण तेव्हा तो लाइट हेवीवेटचा (हेवीवेटपेक्षा हलक्या गटाचा) चालू चॅम्पियन, त्याने दुसऱ्याच राउंडला मार्सियानोला खाली पाडलं आणि ही फाइट हरल्यावरही कित्येक वर्षं आपला बेल्ट सांभाळला. माझ्या मते मार्सियानोचा हा विजय लुईसवरच्या विजयापेक्षा कितीतरी मोठा, पण फोटो मात्र लुईसचाच फिरतो.

अजून एक, ‘याने त्याला हरवलं म्हणजे हा त्याच्यापेक्षा भारी’ हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही. हेवीवेट जॉर्ज फोरमनने जो फ्रेझर आणि केन नॉर्टन दोघांनाही दोन-दोन राउंडमध्ये उडवलं, आणि १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला त्याच फोरमनला अलीने नॉकआउट केलं. मग नॉर्टन अलीसाठी सोपा असायला हवा ना? १९७३ मध्ये नॉर्टनने अलीचा जबडा मोडून फाइट जिंकली, पुढच्या दोन अली जिंकला पण तिन्ही वेळा नॉकआउट झालाच नाही, निकाल जजेसच्या गुणांवरच गेला, आणि १९७६ च्या तिसऱ्या फाइटवरून तर लोक अजूनही भांडतात.